निलगिरीचा पाला आणि आईचं विरजण

मेलबर्न,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आजीस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ते झाडावरचं अस्वल दिसलं का गं?" दिसलं! एक नाही, अकरा दिसली. फोनवर सांगून माझं समाधान झालं नसतं, म्हणून लिहायला बसले. दादाकडून सावकाश वाचून घे.

आधी एक सांगते, कोआला हे अस्वल नाही. तो कांगारूच्या गोतावळ्यातला, पोटाला पिशवी असलेला. सगळ्यांत जवळचा भाऊबंद म्हणजे वॉम्बॅट, तो बीळ करून राहतो. एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने झाड.

आम्ही रेमंड आयलंडला गेलो होतो. मेलबर्नपासून पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर पेन्सव्हिल गाव आहे, तिथून साखळीच्या आधाराने चालणारी फेरीबोट काही मिनिटांत बेटावर नेते. १९५३ मध्ये तिथे कोआला आणून सोडले, त्यांचीच ही पिलावळ. माणसांच्या अंगणातल्या झाडांवर खुशाल बसलेले असतात.

आणि झाड कोणतं, माहीत आहे? निलगिरी! आपल्या माळावर लावली तिचीच बहीण. तू म्हणायचीस ना, "शेळीसुद्धा तोंड लावत नाही, काय करायचंय हे झाड?" खरंच आहे ते. पाल्यात कस कमी आणि विष जास्त. सर्दी झाली की तू रुमालावर दोन थेंब टाकून आम्हाला हुंगायला द्यायचीस, तेच तेल पानापानात. कोआला मात्र जन्मभर जवळजवळ तेवढंच खातो, दिवसाला अर्धा-पाऊण किलो. त्यातलं विष त्याचं यकृत मोडून काढतं. आतड्याला बंद टोकाचा एक फाटा असतो, जवळजवळ दोन मीटर लांब, त्यात जिवाणू तो पाला आंबवत बसतात. एवढं करून अंगी ताकद थोडीच लागते, म्हणून दिवसाचे अठरा-वीस तास झोप. लोक त्याला आळशी म्हणतात, त्याचा मला राग येतो. मिळतं तेवढ्यात भागवतो तो. आणि पानही असंतसं चालत नाही. निलगिरीच्या ७००हून अधिक जाती, त्यातल्या मोजक्याच तो खातो, तेही आधी हुंगून.

तुला मुद्दाम सांगायचं ते पिलाचं. गाभण राहिल्यापासून ३५ दिवसांत ते जन्मतं, घेवड्याच्या दाण्याएवढं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. तसंच चढत चढत आईच्या पिशवीत जातं. सहाएक महिने दुधावर. पुढे पाला खायचा, पण तो पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात कुठून येणार? तेव्हा आई आपल्या आतड्यातून एक मऊ, पातळ लगदा बाहेर सोडते आणि पिलू पिशवीतून डोकं काढून तो चाटतं. आईच्या पोटातलं विरजण पिलाच्या पोटात! आत्या सासरी निघाली तेव्हा तू वाटीत विरजण बांधून दिलं होतंस, ते आठवलं आणि तिथेच डोळे भरून आले.

दुपारी ऊन होतं. एक मादी पिलाला पाठीवर घेऊन खोडाला पोट लावून पडली होती. खोड हवेपेक्षा गार असतं, म्हणून उन्हात ते असे बिलगतात. तिन्हीसांजेला एक नर ओरडला, तेव्हा मी दचकलेच. श्वास आत घेताना घोरणं, सोडताना ढेकर! दहा-बारा किलोचं जनावर, आवाज रेड्याचा.

या बेटावर बरं चाललंय, सगळीकडे नाही. १९२७ च्या ऑगस्टमध्ये इथल्या क्वीन्सलंड राज्यात एका महिन्यात कातड्यासाठी पाच लाखांहून जास्त कोआला मारले होते. आता शिकार बंद आहे, पण झाडं तुटतात, रस्ते ओलांडताना गाड्या येतात, क्लॅमिडियाचा रोग आहे, २०१९-२० चे वणवे तर तू टीव्हीवर पाहिलेसच. २०२२ च्या फेब्रुवारीत क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराच्या भागातला कोआला सरकारने धोक्यात आलेला ठरवला. झाड गेलं की याला दुसरं काही खाताच येत नाही गं.

दादाला माळावरच्या निलगिरीच्या पानाचा जवळून फोटो काढायला सांग. इथल्या पानाशी ताडून बघायचं आहे. पान मात्र पाकिटात घालू नका, इथे टपालातून झाडपाला येऊ देत नाहीत.

गुडघ्याला तेल लावत जा. आईबाबांना नमस्कार.

तुझी लाडकी,
सुमी