स्टँडवरून पडलेली बुलेट

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय भावा,

तू घ्यायची म्हणतोस त्या जुन्या बुलेटचे अकराही फोटो बघितले. आधी तसेच, मग चष्मा लावून. बुलेट 350, आरसीवर बनल्याचा महिना मे 2019, एकच मालक, किंमत 85 हजार, आणि वर विकणाऱ्याचं ते वाक्य: "स्टँडवरून जरा पडली होती, बाकी काही नाही." माझं घोडं त्या वाक्यावरच अडलंय.

साइड स्टँड डावीकडे असतो. त्यावरून गाडी घसरली तर बहुतेक डाव्या अंगावरच आडवी होते. क्लचच्या लिव्हरचं टोक, डावं ग्रिप, गिअरचं पेडल, डावा फूटरेस्ट, फार तर एखादा इंडिकेटर, एवढंच खरचटतं. तुझ्या फोटोत डावी बाजू लख्ख आहे आणि पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा जास्त चमकतोय. उभी गाडी आडवी झाली म्हणून कुणी पुढचा मडगार्ड बदलत नाही रे. शिवाय मागची नंबरप्लेट हाय सिक्युरिटीची आणि पुढची साधी रेडियमची. 1 एप्रिल 2019 पासून बनलेल्या गाडीला दोन्ही हाय सिक्युरिटीच्याच येतात. मग पुढची गेली कुठं? माझ्या मते मडगार्डाबरोबर भंगारात.

पण लगेच नाही म्हणू नकोस. पडलेल्या गाडीला मी नाक मुरडत नाही, उलट ओरखडे दाखवून किंमत पाडता येते. पडणं वेगळं आणि आदळणं वेगळं. पडलेल्या गाडीचा खर्च पत्र्यावर भागतो. समोरून आदळली की पुढचं चाक मागं ढकललं जातं, शॉकअप वाकतात आणि उरलेला सगळा जोर मानेवर येतो. मान म्हणजे चेसीचं ते नळकांडं, ज्यात हँडलचा टी, म्हणजे दोन्ही शॉकअप धरणारा जोड, फिरतो. शॉकअप बदलता येतात. मान वाकली असेल तर चहा पिऊन घरी जा.

माझी ती लाल गाडी आठवते का, 2014 ला घेतलेली? नवा रंग, नवं सीट, मी भाळलो. महिनाभर ती डावीकडं ओढत होती. मी टायर बदलले, कोनसेट म्हणजे मानेतलं बेअरिंग बदललं, चाकांचं आऊट म्हणजे डगमग काढून घेतली, अठरा हजार घातले. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टाकी उतरवली, काही न बोलता माझं बोट धरलं आणि मानेच्या खालच्या जोडावरून फिरवलं. गार दुधावर साय सुरकुतते तशा बारीक सुरकुत्या होत्या रंगाला. डोळ्यांना नंतर दिसल्या, बोटाला आधी लागल्या. मग त्यांनी हातातली बॅटरी (टॉर्च) तिरकी धरली आणि म्हणाले, "हितं बघायचं असतंय आधी. सीट काय बघतोस?"

तर तू आधी तिथंच बघ. टाकी उतरवू देत नसेल तर हँडल एका बाजूला पूर्ण वळव, टाकी आणि मान यांच्या फटीत बॅटरी तिरकी मार, आणि बोट फिरव. रंगाची भेग, नवीन वेल्डिंग, ताज्या रंगाचा वास, काहीही लागलं तर विषय संपला. तिथंच हँडल अडवणारे दोन छोटे ठोकळे असतात. धडकेत हँडल गर्रकन फिरलं असेल तर त्यातला एक चेपलेला किंवा तुटलेला सापडतो. हे रंगारी लपवायला विसरतात.

बुलेटच्या शॉकअपचा वरचा भाग पत्र्याच्या कव्हरात असतो, म्हणून वाकलेला पाईप सहज दिसत नाही. बाजूला जाऊन उकिडवा बस आणि वरचं कव्हर व खालची नळी एका रेषेत आहेत का बघ. पुढचं टायर आणि इंजिनासमोरचा चेसीचा पाईप यांच्यातलं अंतर सुतळीनं मोज, आणि पार्किंगमध्ये तसलीच दुसरी बुलेट मिळाली तर तिचंही मोज. बुलेट तुमच्या हडपसरात काय कमी आहेत! हिचं अंतर कमी भरलं तर चाक मागं गेलंय.

तीच सुतळी मागच्या टायरला बांधून दोन्ही बाजूंनी पुढं ताण. या मॉडेलला पुढं-मागं सारखेच टायर येतात, 3.25-19, त्यामुळं हँडल सरळ धरलं की सुतळी दोन्ही चाकांना सारखी टेकली पाहिजे. फक्त हँडल तिरकं वाटलं तर घाबरू नकोस, शॉकअप टी मध्ये फिरलेले असतील तर बोल्ट ढिले करून सरळ होतात.

टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात ब्रशनं हातानं ओढतात. नख फिरवलं की उठाव लागतो. स्टिकर असेल तर टाकी नंतर रंगवलेली. फ्रिजवरचं एखादं चुंबक खिशात ठेव. जिथं ते धरत नाही तिथं खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालली की विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. इंजिन तुला कळतं, त्यावर लिहीत नाही.

जुन्या विमा पॉलिसी माग. चौथ्या-पाचव्या वर्षी नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर बहुतेक क्लेम झालाय, नाहीतर मध्ये 90 दिवसांहून जास्त खंड पडलाय. कुठलं ते त्यालाच विचार. दुरुस्ती विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेली की कंपनी गाडी टोटल लॉसमध्ये काढते, आणि तसल्या गाड्याही रंगून बाजारात येतात. अपघाताची पोलीस केस आहे का तेही विचार. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या, कर्ज असेल तर ते उतरवायचा फॉर्म 35, आणि पैसे त्यानंतर.

शनिवारी सकाळी उजेडात जा, पाऊस असेल तर जाऊच नकोस, ओल्या गाडीवर काही दिसत नाही. मानेचा फोटो पाठव, मी दुकानातच आहे.

काकूंना नमस्कार सांग. गाडीचं अजून त्यांच्या कानावर घातलं नसशील तर परवाच्या फोनवर मीही काही बोललेलो नाही.

तुझाच,
रूम नंबर सातवाला