मावेल तेवढा मैदा

मा. संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या दिवाळी फराळाच्या पुरवणीत शंकरपाळ्यांची कृती आली आहे. दूध, तूप, साखर प्रत्येकी एक वाटी, मैदा बरोबर 500 ग्रॅम आणि पाव चमचा खायचा सोडा. वर एक टोमणाही आहे, की जुन्या बायका ‘मावेल तेवढा मैदा’ सांगून मोकळ्या होतात, मग नव्या मुलींनी काय अंदाज बांधायचा? मी त्या जुन्या बायकांपैकीच. नागपूरच्या महाल भागात राहते, महालक्ष्म्यांपासून, म्हणजे गौरींपासून, दिवाळीपर्यंत घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते. म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशेब. दूध-तूप-साखर वाटीने आणि मैदा ग्रॅममध्ये, हे जुळायचं कसं? माझ्याकडची वाटी दीडशे मिलीची, शेजारच्यांची दोनशेची. तिन्ही जिन्नस एकाच वाटीने घेतले तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. पण मैदा अर्धा किलोच घ्यायचा म्हटलं की शेजारच्यांचा गोळा परातीत लिबलिबीत होऊन बसणार. छापायचंच असेल तर त्याच वाटीने पाच ते सहा वाट्या मैदा लागतो असं छापा. आणि तो ‘ते’ फार महत्त्वाचा आहे.

कारण मैदा हवेतली ओल धरतो. महालक्ष्म्यांना आपल्याकडे फुलोरा बांधतात, म्हणजे तळलेले पदार्थ त्यांच्यावर टांगतात, त्यासाठी करंज्या, वेणी-फणी, शंकरपाळे भाद्रपदातच तळावे लागतात. तेव्हा नागपुरात पावसाळा सरलेला नसतो, डब्यातला मैदासुद्धा दमट लागतो, आणि त्याच वाटीभर दुधाला तो जास्त खपतो. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते, मैदा खडखडीत वाळलेला असतो, मग कमीत भागतं. दुकान तेच, इतवारीतलं, तरी गोळा वेगळा. तुपाचंही तसंच. घरी कढवलेलं आणि विकतचं सारखं नसतं. म्हणून दूध-तूप-साखर ठरलेली आणि मैदा मोकळा, अशी ही कृती आहे.

मग थांबायचं कुठे? दुधात साखर आणि तूप घालून साखर विरघळेपर्यंतच गरम करावं, चिमूटभर मीठ टाकावं आणि मिश्रण पूर्ण गार होऊ द्यावं. मग मैदा मूठमूठ घालत जावं. गोळा परातीला चिकटायचा सुटला की एक लिंबाएवढा तुकडा पोळपाटावर जाडसर लाटून बघावा. कडेला बारीक भेगा पडल्या पाहिजेत. कड पोळीसारखी गुळगुळीत आली तर मैदा अजून हवा. भेगा पार मधोमध गेल्या तर जास्त झाला, दुधाचा हात लावावा. आणि मळू नका हो, नुसता गोळा करा. तुपाने मैद्याचा कण माखला की पीठ चिवट होत नाही, खुसखुशीतपणा येतो तो त्यामुळे. पोळीच्या कणकेसारखं रगडलं की दात लागेनासे शंकरपाळे होतात आणि मग बिचाऱ्या मुली सोड्याकडे वळतात.

सोड्याबद्दल माझं मत ठाम आहे, नको. एक वाटी तुपाचं मोहन असताना सोड्याला काही कामच उरत नाही. त्याने शंकरपाळ्याच्या पोटात जाळी पडते, जाळीत तेल शिरतं, आणि आठवड्याने डबा उघडला की खवट वास येतो. मोहन आधीच भरपूर, त्यात सोडा जास्त पडला तर अनारशासारखे कढईतच हसतात, म्हणजे फुटून विरतात. पुरवणीत ‘तुपाऐवजी वनस्पती तूपही चालेल’ असंही आहे. चालेल, मी त्याला विष म्हणणार नाही. 2022 पासून त्यातल्या ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, मर्यादा 2 टक्क्यांवर आणलेली आहे. पण खाल्ल्यावर टाळूला जो थर बसतो त्याचं काय करणार? स्वस्तात हवे असतील तर तूप पाऊण वाटी घ्या, थोडे कडक होतील, पण चव राहील.

खरी गोम तळण्यात आहे, आणि तिथे आपण फक्त ‘सोनेरी रंगावर तळा’ एवढंच छापलं. साखरेमुळे रंग लवकर धरतो. तेल कडकडीत असेल तर वरून बदामी आणि आत कच्चे, दोन दिवसांत नरम. पिठाचा कपटा टाकला तर तो आधी तळाशी जावा आणि मग सावकाश वर यावा, इतपतच तेल तापवावं. शंकरपाळे सोडल्यावर तेलात भरपूर बुडबुडे येतात, ती आतली ओल निघत असते. बुडबुडे निवत आले की झाले, रंग थोडा फिकटच असताना झाऱ्याने काढावेत, बाहेर आल्यावर गडद होतात. ऑर्डरीच्या घाईत गॅस मोठा करायचा मोह होतोच. तेव्हा कढई वाढवावी, आच नाही. दोन कढया, दोन्हींखाली मंद आच. आणि पूर्ण गार होईस्तोवर डब्याचं झाकण लावू नये.

‘भट्टीत भाजलेले आरोग्यदायी शंकरपाळे’ अशी चौकटही आपण दिली आहे. असतील आरोग्यदायी. आम्ही त्यांना बिस्किटं म्हणतो.

दिवाळीला अजून अवकाश आहे, तोवर येत्या रविवारी एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि पुढच्या खेपेला मैद्याचं वजन द्यायचंच असेल, तर कृती कोणत्या महिन्यात करून बघितली तेही सोबत द्या.

आपली,
एक नियमित वाचक,
महाल, नागपूर