चिऊला पाढे विचारू नका

दापोली

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि मला रडू येतं, म्हणून लिहितेय. चिऊला स्कॉलरशिपच्या जादा तासाला घालणार नाही, असं आम्ही शाळेत सांगून आलो. बाई दोनदा म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, विचार करा." खूप केला हो.

परवा तिचा भागाकार चुकला. तिने इतकं खोडलं की वहीचं पान फाटलं, मग ती वही दप्तराच्या तळाशी लपवून ठेवली. मला माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं. गणितात नापास झाले आणि चार महिने तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही ओरडाल म्हणून नव्हे, कधी ओरडलात? पण पडवीतलं ते फ्रेम केलेलं कात्रण डोळ्यांसमोर यायचं. चौथीच्या स्कॉलरशिपात आलेली मुलगी शंका विचारणार कशी?

म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. 'हुशार आहेस' असं कौतुक झालेली मुलं पुढे आपल्याला नक्की जमेल तेच निवडायची, आणि एकदा अडली की लवकर सोडून द्यायची. 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेली मुलं चिकाटीने बसायची. वाचताना हात थांबला माझा.

बाबा, तुमचा दोष काढत नाहीये. भर पावसात मला सायकलवर डबलसीट शिकवणीला नेलंत ते तुम्हीच. आई, परीक्षेच्या सकाळचा तुझा गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप अजून आजारपणात आठवतं.

चिऊची काळजी करू नका. सायकल शिकतेय, दोन्ही गुडघे फुटलेत, रात्री पेज पिऊन गाढ झोपते. अभ्यास रोज होतो, मी जवळ बसते.

बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, गड्याकडून घासून घ्या, स्वतः उतरायचं नाही. आई, डोळे दाखवायचं आता पुढे ढकलू नकोस, मी सोबत येते.

शनिवारी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून दुपारी गुहागरला पोचतो. पाहुण्यांसमोर चिऊला पाढे विचारू नका, एवढं ऐका माझं. कात्रण राहू दे तिथेच. बाबा, तिला झावळ्या विणायला शिकवाल? मी हात लावला की "तू अभ्यासाला बस" म्हणायचात. या खेपेला मीही शेजारी बसेन.

तुमची,
ताई