बाबांचा गुडघा, चतुर्थीच्या आधी

ती. आई-बाबा,

फोनवर बाबा "माका काय झाला नाय" एवढंच म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई म्हणते तूच समजाव त्यांना, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू वाचून दाखव, ते चष्मा सापडत नाही म्हणतील.

सोनोग्राफीचा रिपोर्ट इथल्या ऑर्थोपेडिकना दाखवला. विहिरीकडच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरलात ना, तेव्हा गुडघ्याच्या वाटीच्या वरचा टेंडन, म्हणजे मांडीचा स्नायू वाटीला बांधून ठेवणारा दोर, थोडा फाटलाय, काथ्याच्या दोरीचे काही पदर तुटावेत आणि बाकीचे धरून असावेत तसं. आडवं पडून पाय न वाकवता वर उचलता येतोय म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. पूर्ण तुटला असता तर पाय उचललाच गेला नसता, वाटीच्या वर बोटाला खड्डा लागला असता, आणि मग दोनेक आठवड्यांच्या आत टाके घालून घ्यावे लागतात, उशीर झाला की टेंडन आक्रसतो, शिवाय नंतरचे सहा महिने तरी जातातच. तेव्हा परत घसरलात आणि पाय उचलेना झाला तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी कणकवली गाठा.

टेंडनला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात बाबांची शुगर, म्हणजे वेळ लागणारच. गुडघा सरळ ठेवणारा पट्टा साधारण ३ ते ६ आठवडे, मग फिजिओ सांगतील तसा गुडघा थोडा थोडा वाकवायचा, आणि मांडीत ताकद यायला पुढे अजून दोन-तीन महिने. पण नुसतं पलंगावर पडून राहणंही वाईट हो, मांडी वाळते आणि टेंडन अजून कमजोर होतो. पट्टा निघाल्यावर व्यायामात जरासं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं की समजायचं काल अती झालं.

आणि ते स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका! शेजारच्या काकांना बरं वाटलं असेल, त्यांचा गुडघा झिजलेला आहे, तुमचा टेंडन फाटलाय, त्यात स्टेरॉइड गेलं तर उरलेलाही तुटू शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्याही कुणी जुलाबाला, लघवीच्या इन्फेक्शनला दिल्या तर आधी टेंडनचं सांगा, त्यांनी टेंडन तुटू शकतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००८ मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला, साठीच्या वर धोका जास्त.

चतुर्थीला बाबा, खुर्चीवर बसून पूजा करा, गणपतीला चालतं, भटजींशी मी बोलते. गणपतीवरची माटवी दादा बांधेल, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. आई, न्हाणीतला चिरा ब्लिचिंग टाकून घासून घे, आणि त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठव, सगळ्या, लपवलेल्या पण. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर आहे, कन्फर्म झालं की कळवते.

तुमची,
ताई