ईमच्या घराबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आई गप्प झाली तेव्हाच कळलं, दादानं सांगितलं असणार की मी इंग्लंडात जिथे घर घेतलं त्या ईमला प्लेगचं गाव म्हणतात. घराच्या कागदांवर सह्या झाल्यात, ते आता बदलणार नाही, पण मी हेच गाव का धरलं ते ऐका तरी.

1665 मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आलं, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला असं म्हणतात. पुढच्या जूनमध्ये गावानं ठरवलं, कुणी वेशीबाहेर जायचं नाही, आजूबाजूच्या गावांना हे लागू द्यायचं नाही. बाहेरचे लोक वेशीवर धान्य ठेवायचे आणि गावकरी तिथल्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे. 14 महिन्यांत 260 च्या आसपास माणसं गेली. हॅनकॉक नावाच्या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, स्वतःच्या हातानं. पाद्री मॉम्पेसननी मुलं आधीच बाहेर पाठवलेली, पण बायको कॅथरीन नवऱ्याला सोडून गेली नाही आणि ऑगस्टमध्ये तीही गेली. चर्चच्या आवारात तिची कबर आहे, तिथे मला तूच आठवलीस गं आई, बाबांच्या टायफॉइडच्या वेळी मला आत्याकडे पाठवून एकटी दवाखान्यात बसलेली.

अशा गावाला अपशकुनी कसं म्हणायचं? आपली पणजीसुद्धा प्लेगात माळावर झोपडीत राहिलेली ना.

मी परत येणारच नाही असं नाहीये, बाबा. फक्त आत्ता नाही. नोकरी शेफिल्डला, बस गावातूनच मिळते, आणि भाड्यात पैसे घालवू नकोस हे तुम्हीच म्हणायचात. तुमची खोली खालीच ठेवलीये, जिना नाही, हीटर आहे, ज्वारीचं पीठ शेफिल्डला मिळतं, भाकरीची काळजी नको. ऑगस्टअखेर या, तेव्हा इथे विहिरींपाशी ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रं करतात, आई, तुला बघताना हात शिवशिवतील बघ.

आणि बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर लगेच, 'बघू नंतर' नाही. आईनं स्टुलावर चढून माळा साफ करायचा नाही, दादाला सांगा. गुडघ्याचा एक्सरे या आठवड्यात काढा, रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पासपोर्ट रिन्यूला टाका, तारीख गेलीये.

तुमची,
छकुली