आमच्या मुशीला ऑस्ट्रेलियाचे दात लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी कुलाब्याच्या कोळीवाड्यातला, वय 63. आधी बापाच्या होडीवर खलाशी होतो, मग स्वतःची होडी घेतली. गेली 27 वर्षं मासेमारीच्या जोडीने थंडीच्या दिवसांत समुद्रात पोहणाऱ्या पोरांच्या बाजूने होडी चालवतो. बहुतेक वेळा संक रॉक दीपगृह ते गेटवे, पाच किलोमीटर. कधी धरमतर ते गेटवे, छत्तीस किलोमीटर. पोराचा हात होडीला लागला तर पोहणं बाद, म्हणून ग्लुकोजची बाटली दोरीला बांधून सोडायची आणि आरडाओरडा करत त्याला लाटेतून पुढे न्यायचं, हे माझं काम.

यंदा दादरची एक दहावीतली मुलगी संक रॉकसाठी तयारी करत होती. हात लांब, दम चांगला, पाण्यात बडबड कमी. चार दिवसांवर पोहणं आलं आणि तिच्या वडिलांचा फोन आला. "नाखवा, पोरीला नाही सोडत. शार्क आला तर तुमची होडी काय करणार?" शार्क म्हणजे आम्ही म्हणतो ती मुशी. वडिलांना कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. वैतरणेच्या खाडीतली बातमी आणि तिच्यावर एका वाहिनीने डकवलेलं चित्र: जबडा वासलेला, पांढऱ्या पोटाचा, निळ्याशार पाण्यातला शार्क.

बातमी खोटी नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. पण चित्रातला शार्क ग्रेट व्हाइट होता. तो दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्नियाकडचा, थंड पाण्यातले सील खाणारा. तिथे फळीवर पालथा पडून हात मारणारा सर्फर खालून सीलसारखा दिसत असेल, असं जाणकार म्हणतात. आपल्याकडे सील कुठे आहेत? निळंशार पाणी तरी कुठे आहे? गेटवेला कोपर बुडवला की मनगट दिसत नाही.

खाडीत आत शिरणारा शार्क वेगळा, बुल शार्क. त्याला गोडं पाणी चालतं, गढूळ पाणी चालतं, नदीत कित्येक मैल आत जातो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2011 पासून सर्फिंग करणाऱ्यांवर लागोपाठ हल्ले झाले, त्यातही बुल शार्क होते, आणि 2013 मध्ये तिथल्या सरकारने बहुतेक किनाऱ्यावर सर्फिंगच बंद केलं. म्हणून मी "काही होत नाही" असं कुणाला सांगणार नाही. खाडीच्या तोंडाशी, तिन्हीसांजेला, मासे साफ करून आतडी पाण्यात टाकतात त्या जागी पोहू नका, एवढं मात्र सांगेन. आमची पोरं मनोरीला, वसईला खाडीत उड्या मारतात, त्यांनाही हेच सांगतो. ती ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

आता माझा स्वतःचा हिशेब. मला आयुष्यात एकदाच शार्क चावला आहे, 1987 साली, होडीत. डोल जाळ्यातून काढलेली हातभर मुशी मी मेलेली समजून शेपटीला धरली, ती वळली आणि अंगठ्याला पाच टाके पडले. माझी पुतणी सायन्सची आहे. ती म्हणाली, "काका, तुमचा चावा जगाच्या यादीत 'डिवचून घेतलेला' या खात्यात जाईल." अशी यादी फ्लोरिडाच्या एका म्युझियममध्ये ठेवतात म्हणे. तिनेच काढून दिलं की 2024 साली न डिवचता चावल्याच्या 47 घटना साऱ्या जगात नोंदल्या गेल्या, त्यात चार माणसं गेली आणि निम्म्याहून जास्त घटना एकट्या अमेरिकेतल्या. फोनवर मी हे त्या वडिलांना वाचून दाखवलं. त्यांच्यावर परिणाम झाला नाही. आकड्यांनी बापाची भीती जात नाही, मलाही दोन मुली आहेत.

पोहणाऱ्यांच्या बाजूने जाताना तीन वेळा "फिन! फिन!" (म्हणजे शार्कच्या पाठीवरचा पंख दिसला) म्हणून ओरडा झाला. तिन्ही वेळा डॉल्फिन. ओळखायला सोपं आहे. डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो, पाठ गोल फिरवतो आणि फुस्सकन आवाज करतो. शार्कला वर येऊन श्वास घ्यायचा नसतो.

खरं सांगायचं तर मोठी मुशी बघायला मिळत नाही म्हणून आम्ही हळहळतो. बाप सांगायचा, त्याच्या काळात माणसाच्या उंचीची मुशी दोघांनी मिळून ओढावी लागे. आता ससून डॉकला पाटीत येते ती बहुतेक हातभर लांब. शार्क उशिरा वयात येतो, पिल्लं मोजकी होतात, आणि पंखांच्या व्यापाराने त्याला जगभर खाल्लं. आपल्या सरकारने 2015 मध्ये पंखांची निर्यात बंद केली, व्हेल शार्कला तर 2001 पासूनच वाघाइतकं कायद्याचं संरक्षण आहे. (तो किनाऱ्याला लागला की लोक घाबरून पळतात. बिचारा जवळा आणि पाण्यातला बारीक जीव गाळून खातो.) आमच्यात बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात. माझ्या सुनेच्या वेळी ती शोधायला मला तीन दिवस डॉकवर जावं लागलं.

मग पोहताना मी कशाला घाबरतो? सगळ्यात आधी लाँच आणि स्पीडबोटींना. 18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या लाँचवर स्पीडबोट आदळली आणि माणसं बुडाली, ती याच पाण्यात, जिथून आम्ही पोरं नेतो. एवढी मोठी लाँच दिसत नाही, तर पाण्यावर नारळाएवढं डोकं कुणाला दिसणार? नंतर पाण्याची ओढ. भरती लागली की पोराला सोडायचं, म्हणजे पाणीच त्याला बंदरात आणतं. वेळ चुकली तर ओहोटी खांदेरीच्या दिशेने मागे ओढते, आणि पोरगं तासभर हात मारून जागच्या जागी. गेटवेजवळच्या पाण्याने कान फुटतात ते वेगळंच.

आणि डंख. सप्टेंबर 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पन्नासाहून जास्त लोकांना पाकटाने नांगी मारली होती, आठवत असेल. पाकट म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत पसरून पडलेलं असतं, पाऊल त्याच्यावर पडलं की शेपूट उलटते. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, ते आपणच सरकतं. लागलंच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टर गाठा. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल येतात, त्यांचे धागे अंगाला चिकटले तर वाळूने चोळू नका. चौपाटीवर अजून चोळतात, मी पाहिलंय.

संपादकसाहेब, भरती-ओहोटीची वेळ छापता ते बरं करता. पावसाळ्यात तिच्याच खाली "आज किनाऱ्यावर ब्लू बॉटल आहेत" अशी एक ओळ येऊ शकेल का? कोळीवाड्यातून फोन करून सांगायला आम्ही तयार आहोत. आणि पुढे कधी खाडीतल्या शार्कची बातमी आली, तर चित्र आपल्याकडच्या माशाचं टाका. नाव माहीत नसेल तर डॉकवर या, कुठलीही बाई सांगेल.

दादरच्या त्या गृहस्थांकडे तुमचं वर्तमानपत्र येतं. हे पत्र छापलंत तर ते वाचतील. भाऊ, हंगाम संपलेला नाही, होडी तयार आहे. पोरीला फक्त एक सांगा, येताना टोपी नारिंगी आण. मागच्या वेळची निळी लाँचवाल्याला दिसणार नाही.

आपला,
एक नाखवा
कुलाबा, मुंबई