आईपासून सुटलेल्या वाघाला वाट द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'वाघिणीने बछड्यांना टाकले' ही आपल्या अंकातली बातमी वाचली. बछडे दोन वर्षांचे असल्याचं तिच्यातच म्हटलं आहे. मग टाकले कसले? त्यांची वेळ झाली!

मी वनरक्षक होतो, आता निवृत्त आहे. वाघिणीची पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, वजन जेमतेम किलोभर. सहाएक महिन्यांत दूध सुटतं, पण शिकार हातात बसायला दीड-दोन वर्षं जातात. बीटवर, म्हणजे आमच्या गस्तीच्या हद्दीत, मेलेलं चितळ दिसलं की आम्ही आधी गळा बघायचो. मुरलेल्या वाघाचे सुळे गळ्यात एकदाच बसलेले असतात. शिकाऊ पोराने मारलेल्या जनावराच्या मानेवर चार ठिकाणी चावे, पुठ्ठ्यावर ओरखडे, आजूबाजूचं गवत पार तुडवलेलं. असा अर्धाकच्चा गडी आईपासून सुटतो, कारण तिला पुढची वीण आणायची असते. मग ती मोठ्या पिल्लांना शिकारीजवळ फिरकू देत नाही, गुरगुरून हाकलते.

पोरीला बहुतेकदा आईच्या शेजारीच जागा मिळते. पोराचं तसं नाही. जिकडे जावं तिकडे झाडावर दुसऱ्या नराच्या मुताचा फवारा, वाटेवर त्याचे खुरचटे, म्हणजे त्याच्या हद्दीच्या खुणा. थांबला तर मार खाणार, प्रसंगी जिवानिशी जाणार. म्हणून तो चालत सुटतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला तरुण नर शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल ३००० किलोमीटरच्या वर भरली, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. बाकीच्यांचा हिशेब कोण ठेवतो!

असा वाघ दिवसा नाल्याच्या झुडपात पडून राहतो, अंधार पडला की निघतो. माणसाशी त्याला काही देणंघेणं नसतं. पण बातमी वाचून शे-दोनशे लोक मोबाइल घेऊन नाल्याच्या दोन्ही काठांवर उभे राहिले, की जाणार कुठून? मग तो अंगावर येतो, आणि लगेच 'पिंजरा लावा'ची मागणी. माणसांवर वारंवार हल्ले करणाऱ्या वाघाला जरूर पकडावं, त्यात दुमत नाही. नुसता दिसला म्हणून पकडू नये.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा बातमीत वाघाचं अंदाजे वय द्या. गावकऱ्यांना सावध करायला गावाचं नाव पुरेसं आहे. नाला, शेत, गट नंबर छापू नका.

आपला,
एक निवृत्त वनरक्षक